अर्धी विणलेली बाज

भाजीबाजारात धर्मसिंग मला ‘साहेब’ म्हणाला. एवढंच झालं. मी चुक्याची जुडी उलटीपालटी करून पाहत होतो, तो समोरून आला, थांबला, पिशवी काखेत धरून त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, ‘‘नमस्कार साहेब. बरं हाय ना?’’ मी ‘‘हो’’ म्हणालो. ‘‘बरं, येतो साहेब,’’ म्हणून तो गर्दीतून वाट काढत निघून गेला. तोंड फिरवलं नाही, आवाज चढवला नाही. उलट चारचौघांत शोभेल अशा अदबीनं बोलला. हिंगोलीत साहेब हा शब्द तसा फुकट मिळतो. शर्टाच्या खिशाला पेन दिसलं की चहावाला साहेब म्हणतो, रिक्षावाला म्हणतो. एकतीस वर्षं मी कचेरीत कारकुनी केली, खेड्यातून येणारा प्रत्येक माणूस दारापासूनच साहेब-साहेब करत यायचा, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण धर्मसिंगच्या तोंडून हा शब्द गेल्या श्रावणातच गेला होता. तेव्हापासून मी त्याचा संपत होतो, अरे-तुरेतला संपत. आज त्यानं तो शब्द परत आणला आणि मला त्यावर बसवलं, परक्या पाहुण्याला बसवावं तसं. घरी आल्यावर चांगुणाबाईनं पिशवी उपडी केली. ‘‘चुका सांगितला होता, ही मेथी काहून आणली?’’ मी म्हणालो, चुका मिळाला नाही. ती मेथी निवडायला बसली, आणि मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो. चौतीस वर्षांच्या संसारात आमचं बोलणं बहुतेक भाजीपाशी सुरू होऊन भाजीपाशीच संपलेलं आहे.

नोकरी संपली तेव्हा वाटलं होतं, सुटलो. निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, मोठ्या साहेबांनी माझ्यावर दहा मिनिटं भाषण केलं. त्या भाषणात काय घडलं ते मी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मग घर. सकाळी दहा वाजले की पाय आपोआप चपलेकडे जायचे आणि परत यायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो, डाळीचे डबे कुठं ठेवावेत हे सांगायचो. पंधरा दिवसांनी चांगुणाबाई म्हणाली, ‘‘तुमी सारखे पायात पायात येऊन राहिले. जा न कुठंतरी.’’ कुठं जाणार? मी वाचनालयात जायला लागलो. तिथं आपापला पेपर तोंडापुढं धरून माझ्यासारखे सात-आठजण बसलेले असायचे. वर्षभर शेजारी बसून मला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. एक दिवस विकास नावाचा पोरगा तिथं आला. समाजकार्याचं शिकून आलेला, डोळे चमकणारा, आणि त्यानं प्रत्येकाच्या पेपरवर एकेक कागद ठेवला. पुरुषांसाठी कार्यशाळा, हाताला काम आणि मनाला सोबत, दर शनिवारी दुपारी, जुन्या जिनिंगच्या आवारातलं पत्र्याचं शेड. मी मनात हसलो. बायकांचे बचत गट झाले, हळदीकुंकू झालं, आता बाप्यांचंही मन रिझवायला सरकार-संस्था निघाल्या म्हणायचं. पण शनिवारी गेलो. ऊन लागत होतं आणि घरी बसवत नव्हतं.

पहिल्या शनिवारी विकासनं आम्हा अकराजणांना गोल बसवलं आणि सांगितलं, बायका एकमेकींपाशी बोलतात म्हणून तग धरतात, पुरुष गप्प राहतात आणि आतून पोखरतात. तर बोला, मन मोकळं करा. पोराचं काही चुकत नव्हतं. पण साठीच्या बाप्याला मन मोकळं कर म्हणणं म्हणजे भर बाजारात खिसे उलटे कर म्हणण्यासारखंच. आम्ही अकराजण आपापल्या चपलांकडे बघत बसलो. शेवटी प्रभू नावाच्या रिटायर पोस्टमननं विचारलं, चहा कधी आहे? विकास हुशार होता. पुढच्या शनिवारी त्यानं करवत, रंधे, पटाशी, पक्कड अशी हत्यारं आणून मांडली आणि म्हणाला, घरात मोडकं पडलंय ते घेऊन या. मग मात्र लोक आले. स्टोव्ह आले, खुर्च्या आल्या, एकजण तर लग्नातलं घड्याळ घेऊन आला. हात गुंतले की माणसाचं तोंड आपोआप सुटतं, हे त्या दोन महिन्यांत मी पाहिलं. एकच नियम होता, शेडमधलं शेडमध्येच राहील. विकासनं विचारलं, कोणाचं अक्षर चांगलं आहे? माझं अक्षर कचेरीत प्रसिद्ध होतं. तो नियम फळ्यावर खडूनं मीच लिहिला, खाली दोन रेघा ओढून.

मी माझ्या बापाची बाज नेली होती. बाप, जळबा, गोरेगावकडं मेंढरं राखायचा. आयुष्यभर उघड्यावर झोपला आणि म्हातारपणी ह्या बाजेवर. तो गेल्यावर तिचा सांगाडा मी हिंगोलीला आणून गच्चीवर टाकला होता. खूर म्हणजे चारी पाय शाबूत, गाते म्हणजे कडेचे दांडे शाबूत, विणलेलं सगळं उंदरांनी कुरतडलेलं. शेडमध्ये सगळ्यांनी ती बघितली आणि मान हलवली. तेवढ्यात मागून एकजण पुढं आला, उंच, पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पागोटं. त्यानं लाकडावर बोटाची पेरं वाजवली आणि म्हणाला, ‘‘साहेब, सागाची हाय. अंबाडीची सुतळी आणा, विणून टाकू. पर दोघं लागतेत. एकट्याला बाज विणता येत न्हाई.’’ हा धर्मसिंग. सेनगाव रस्त्यावरच्या तांड्यातला. वीस वर्षं त्यानं हिंगोली-गोरेगाव काळीपिवळी जीप चालवली, त्याच्या जीपमधून मीसुद्धा कितीदा गावाला गेलो असेन, पण ड्रायव्हरचं तोंड कोण बघतो. चार वर्षांपूर्वी त्याची बायको वारली आणि त्यानं जीप पोराच्या, ओमप्रकाशच्या, हातात दिली.

बाज विणताना एकजण या गात्यापाशी बसतो, दुसरा त्या गात्यापाशी. एकानं सुतळीचा गुंडा खालून सरकवायचा, दुसऱ्यानं धरायचा, ताणायचा, गुडघ्याखाली दाबून ठेवायचा, मग परत पाठवायचा. एकानं ढील दिली की दुसऱ्याचं सगळं काम वाया. दोघांच्या माना खाली, दोघांची नजर विणीवर. एकमेकांकडं बघायची गरज नाही. मला वाटतं, म्हणूनच मला ते जमलं. सुतळी ओली करून घ्यायची, तिचा आंबूस वास हाताला लागायचा आणि रविवारी जेवतानासुद्धा यायचा, आणि तो वास आला की मला बरं वाटायचं. आमची घाई नव्हतीच. एका शनिवारी वीतभर विणायचो, आणि कधी कधी धर्मसिंग म्हणायचा, ‘‘हे बराबर न्हाई झालं,’’ आणि आम्ही विणलेलं उसवून पुन्हा विणायचो. ते बराबरच झालेलं असायचं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. श्रावणातल्या एका शनिवारी गुंडा माझ्या हातून सुटून पार दारापर्यंत घरंगळला आणि तो ओरडला, ‘‘अरे धर की संपत!’’ ओरडल्यावर तो दचकला. मीही दचकलो. मग दोघं हसलो. आईबाप गेल्यावर मला अरे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, हे मला त्या दिवशी घरी चालत जाताना कळलं.

दिवाळीच्या पुढच्या शनिवारी त्यानं मला ती गोष्ट सांगितली. शेडमध्ये माणसं कमी होती, पलीकडं प्रभू स्टोव्हला पंप मारत होता. धर्मसिंग विणता विणताच बोलायला लागला, आवाज न बदलता. ‘‘चाळीस वरीस झाले असतीन लग्नाला. काय बोललो मी नानीबाईशी? भाकर वाढ. पाणी दे. बैल सोडला का. बस. जीपमदी अख्ख्या दुनियेशी गप्पा मारायचो, घरी आलो की मुका. ती गेली आन् मंग मला वाचा फुटली.’’ गुंडा माझ्याकडं आला, मी ताणून धरला. ‘‘तिच्या ओढणीचा तुकडा म्या कापून ठेवला. हातभर. आरसे हायेत त्याला. तिन्हीसांजेला बांधावर जातो, दगडावर अंथरतो आन् दिवसभराचं सांगतो तिला, आमच्या बोलीत. कोण आलं, कोण गेलं, सून काय बोलली. आरशात माझंच तोंड दिसते, इवलं इवलं. पर मला वाटते ती ऐकून राहिली.’’ मी गुंडा परत पाठवला. मग तो म्हणाला, ‘‘येडं वाटन तुला.’’ ‘‘नाही वाटत.’’ ‘‘कोणाला बोलू नको संपत.’’ ‘‘नाही बोलणार.’’ पुढच्या फेऱ्याला तो म्हणाला, ‘‘आता तू सांग काईतरी.’’ मी म्हणालो, माझं काय, माझं सगळं बराबर आहे. ‘‘समदंच बराबर कसं ऱ्हायते बुवा एखाद्याचं?’’ म्हणून तो हसला आणि गुंडा माझ्याकडं सरकवला.

त्या संध्याकाळी मी घरी कसा आलो ते माझं मला माहीत. ‘कोणाला बोलू नको’ असं मला जन्मात कोणी म्हणालं नव्हतं. कचेरीतही गुपितं असायची, पण ती माझ्यापर्यंत पोचायची तेव्हा चपराश्यांनासुद्धा शिळी झालेली असायची. आणि इथं एका माणसानं आपलं काळीज काढून माझ्यापुढं ठेवलं होतं, अंबाडीच्या सुतळीवर. मला मित्र होता. साठीच्या उंबरठ्यावर, पेन्शनीपाठोपाठ. वाटेत दोन ओळखीचे दिसले, त्यांना थांबवून सांगावंसं वाटलं, काय सांगणार ते कळेना म्हणून नुसता हसलो. चांगुणाबाईनं विचारलं, ‘‘आज लई खूश दिसून राहिले, काय झालं शाळेत?’’ ती कार्यशाळेला शाळा म्हणायची. मी म्हणालो, काही नाही. धर्मसिंग नावाचा माणूस जगात आहे हे मी तिला सांगितलंच नाही.  घरात चांगली वस्तू आणली की आपल्याकडं आधी ती कपाटात ठेवतात, तसंच काहीतरी असेल.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी पुण्याहून तीन पाहुणे आले. संस्थेला पैसा देणारे, त्यात एक चष्मेवाल्या बाई. बरोबर गावातल्या एका पेपरचा वार्ताहर. विकासनं सतरंज्या अंथरल्या होत्या आणि आम्हाला आधीच हात जोडले होते की कृपा करून कोणीतरी दोन शब्द बोला. प्रभू उठला आणि म्हणाला, मी स्टोव्ह दुरुस्त करायला शिकलो, आणि बसला. मग कोणीच उठेना. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. विकासचा चेहरा उतरला. मला त्या पोराची कीव आली म्हणून मी उठलो, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगून बघितलं आहे. खोटं आहे ते. मला बोलायचं होतं. ज्या पोराच्या पाटीवर कधी कोणी शाबास लिहिलं नाही, ते म्हातारं झालं तरी हात वर करायची संधी शोधत असतं. मी उठलो आणि म्हणालो, ‘‘मला इथं एक मित्र मिळाला.’’ एवढ्यावर बसलो असतो तर आज माझ्या गच्चीवर आम्ही दोघं ऊन खात बसलो असतो. पण त्या चष्मेवाल्या बाई फार मायेनं म्हणाल्या, ‘‘किती छान! काही उदाहरण सांगाल का?’’ उदाहरण. मी कारकून माणूस. अर्ज आला की सोबत पुरावा जोडायचा, ही एकतीस वर्षांची सवय. मी पुरावा जोडला.

सगळं सांगितलं. ओढणी सांगितली, आरसे सांगितले, बांधावरचा दगड सांगितला. बाई डोळे टिपायला लागल्या तसा मला जोर चढला. मग मी दाखवलं, धर्मसिंग कसा बोलत असेल. त्याची बोली मला येत नाही, पण जीपमध्ये कानावर पडलेले चार शब्द होते, ते मी जुळवले, मान वाकडी केली, हातात रुमाल घेऊन त्याच्याकडं बघत बोललो. लोक हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानंच हसले, आणि त्या हसण्यात मी न्हाऊन निघालो. शेवटी म्हणालो, असा मित्र मला ह्या शेडनं दिला, आणि बोट केलं. तिसऱ्या रांगेत, पोत्यावर, पागोटं मांडीवर घेऊन धर्मसिंग बसला होता. त्याच्या डोक्यावर त्या दिवशी काहीच नव्हतं, पांढरे केस चपटे बसलेले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धर्मसिंगनंही वाजवल्या. मी पाहिलं, म्हणून तर मी निर्धास्त झालो. त्याच्या मागं फळा होता आणि फळ्यावर माझं सुरेख अक्षर. ते मी त्या वेळी वाचलं नाही. चहा झाल्यावर आम्ही नेहमीसारखे बाजेवर बसलो, चार फेरे विणले. तो एकदाच बोलला, ‘‘ढील देऊन राहिला तू.’’ मी म्हणालो, दमलो रे आज बोलून. त्यानं गुंडा गात्याला अडकवला, पागोटं बांधलं, आणि निघून गेला.

सोमवारी पेपरात आलं. ‘मृत पत्नीच्या ओढणीशी रोज गप्पा, तांड्यातील वृद्धाची हृद्य कहाणी.’ धर्मसिंगचं नाव, तांड्याचं नाव, आणि कथनकर्ते म्हणून माझं. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं होतं. मी तीन अंक घेतले. एक कात्रण नीट पट्टी लावून कापलं आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याला लॅमिनेशन करून घेतलं. हे सांगताना आज माझ्या कानशिलात जाळ होतो, पण सांगायलाच हवं: ते मी त्याच्यासाठी केलं होतं. भेट म्हणून. पाणी लागलं तरी खराब होऊ नये म्हणून. कागद जपून ठेवणं ह्यापलीकडं कोणावर माया कशी करतात ते मला ठाऊक नव्हतं. शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. मग मी जीपच्या अड्ड्यावर जाऊन ते ओमप्रकाशच्या हातात दिलं. पोरगं वाचून हरखलं, ‘‘काका, बापू पेपरात!’’ मलाही भरून आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आणि मग तो भाजीबाजार, आणि तो साहेब. त्या शब्दानंतर दोन दिवस मी पुढच्या खोलीत बसून होतो. तिसऱ्या दिवशी विकास घरी आला. प्रकल्पाचा कालावधी संपला होता. पाहुणे फार खूश होऊन गेले, अहवालात आमच्या शेडचं उदाहरण येणार होतं, आणि पुढच्या वर्षीचा पैसा दुसऱ्या जिल्ह्याला मिळणार होता. ‘‘शेड रिकामं करायचंय काका. तुमची बाज तेवढी घेऊन जाता का?’’ मी गेलो. हत्यारं पोत्यात बांधलेली होती, फळा पुसलेला होता. बाज एका कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती, अर्धी विणलेली, आणि गुंडा धर्मसिंगनं अडकवला होता तसाच गात्याला लटकत होता. मी एका बाजूला बसून बघितलं. गुंडा खालून सरकवला आणि उठून पलीकडं गेलो, ताणला, तर अलीकडची वीण ढिली पडली. पुन्हा अलीकडं आलो. साठीला आलेला माणूस बाजेभोवती लहान पोरासारखा फेऱ्या मारत होता, आणि दारात विकास उभा होता. त्यानं विचारलं, मदत करू का काका? मी म्हणालो, नको. बाज अड्ड्यावरच्या एका जीपच्या टपावर बांधून मी सेनगावच्या रस्त्याला लागलो.

तांड्यात शिरलो तर दोन पोरांनीच घर दाखवलं, ‘‘पेपरवाले बाबा ना?’’ म्हणून. धर्मसिंग शेतातून यायचा होता. सून शितल हिनं चटई टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. मी मान वर केली तर समोर दाराच्या वर, देवाच्या फोटोंच्या रांगेतच, माझं कात्रण. खिळा ठोकून लावलेलं. उन्हानं चकचकत होतं. ‘‘यांनी लावलं,’’ शितल हसत म्हणाली, ‘‘येणारा जाणारा वाचते.’’ मग ती हसायची थांबली. चुलीकडं बघत हळूच म्हणाली, ‘‘पर मामा आता बांधावर जात न्हाईत. पोरं मागं जायले लागले होते, लपून ऐकायला. मंग तांड्यात येऊन नक्कल करतेत. पयले रोज जायचे, यायचे तवा चेहरा कसा हलका ऱ्हायचा. आता ओढणी पेटीत टाकली त्यांनी. तिन्हीसांजेला नुसते बसून ऱ्हातेत इथं.’’ मी चहाचा कप खाली ठेवला. पोरं नक्कल करतात म्हणाली ती. पहिली नक्कल कोणी केली हे तिला माहीत नव्हतं. पेपरात तेवढं आलं नव्हतं. एक बाई चार वर्षांपूर्वी मेली होती, आणि तिला मी संक्रांतीनंतर पुन्हा एकदा मारली होती, टाळ्या घेऊन.

धर्मसिंग आला. मला बघून थांबला नाही, कपाळाला आठी नाही. ‘‘या साहेब. कधी आले? चहा दिला का साहेबाला?’’ मग बाजेकडं बघून म्हणाला, ‘‘आणली काय. बरं केलं. टाकू विणून.’’ आणि लगेच पागोटं सारखं करून बसलाच, त्याच्या नेहमीच्या बाजूला. मी माझ्या बाजूला बसलो. गुंडा आला, मी धरला, ताणला, परत पाठवला. तो भराभर विणत होता. एकही फेरा उसवला नाही. शेडमध्ये आम्हाला वीतभर विणायला अख्खी दुपार लागायची, इथं तासाभरात हातभर झालं. तुरीला औंदा शेंग बरी धरली, तो म्हणाला. गोरेगावचा रस्ता उखडला, म्हणाला. औंढ्याला शिवरात्रीची गर्दी होईल आता, म्हणाला. वीस वर्षं जीपमध्ये पुढच्या सीटवरच्या पाहुण्याशी तो जे बोलत आला ते सगळं तो माझ्याशी बोलला.

‘‘धर्मसिंग,’’ मी म्हणालो, ‘‘चुकलं माझं.’’

‘‘काय चुकलं साहेब? चांगलंच बोलले तुमी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.’’

‘‘तूही वाजवल्यास.’’

‘‘समदे वाजवून राहिले होते.’’ त्यानं गुंडा सरकवला.

मला कळलं की माफी त्याला नको होती. माफी घेणं म्हणजे पुन्हा काहीतरी देणंघेणं सुरू करणं. पण माझ्याजवळ आणखी एक वस्तू होती. त्यानं मागितली होती आणि मी दिली नव्हती. मी ती आता द्यायची ठरवली. निरोपाच्या दिवशी मोठे साहेब माझ्यावर दहा मिनिटं बोलले. म्हणाले, संपतरावांचं भजन आम्ही कधी विसरणार नाही. त्यांचा गोड गळा, त्यांची एकतारी, दर गुरुवारची त्यांची बैठक. मी जन्मात कधी गायलो नाही. भजन म्हणणारा आमच्या कचेरीतला भीमसिंग, तो आधीच्या वर्षी रिटायर झाला होता. साहेबांच्या हातात कोणीतरी जुना कागद दिला होता. समोर चाळीस माणसं बसली होती, काही वीस-वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावरची. एकानंही तोंड उघडलं नाही. एकजणही हसला नाही, म्हणजे चूक कळून दाबलेलं हसूसुद्धा नव्हतं. कोणाला काही खटकलंच नाही. आणि मी, मी हात जोडून उभा राहिलो आणि भीमसिंगच्या गळ्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. शाल पेटीत आहे. तिची घडी मी अजून मोडलेली नाही.

‘‘तुला एक सांगायचंय,’’ मी म्हणालो. ‘‘मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला निरोप दिला त्या दिवशी—’’

त्यानं सुतळी गुडघ्याखाली दाबून ठेवली आणि हात वर केला. जीप थांबवायला रस्त्यावर माणूस हात करतो, तेवढाच. पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. राग असता तर मी पाय धरले असते. राग नव्हता.

‘‘ऱ्हाऊ द्या साहेब. ते तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. माझ्यापाशी ठेवायला जागा न्हाई आता.’’

मग आम्ही बाज पुरी केली. पायथ्याला वीतभर जागा सोडून त्यानं दावण, म्हणजे ताण द्यायची दोरी, ओवली, पाय लावून खच्चून ओढली, गाठ मारली, आणि विणीवर थाप मारली. टण्ण वाजली. ‘‘वापरून ढिली पडते,’’ तो म्हणाला, ‘‘मंग दावण ओढत जायची. त्याला दुसरा माणूस लागत न्हाई साहेब. एकट्याला येते.’’ तेवढ्यात घरी आलेल्या ओमप्रकाशच्या जीपवर त्यानं स्वतः बाज चढवून दिली, स्वतः दोर आवळला, आणि जीप वळेपर्यंत हात जोडून उभा राहिला. आरशात तो मला दिसत होता, इवला इवला.

घरी पोचलो तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. ओमप्रकाशनं बाज उतरवली आणि तो गेला. चांगुणाबाई सुपात तूर पाखडत होती. सूप बाजूला ठेवून ती आली, तळव्यानं वीण दाबून पाहिली, मग हळूच बाजेवर बसली, अंग सैल सोडून. ‘‘मामंजीच्या वक्ताला ही बाज अशीच होती,’’ ती म्हणाली. ‘‘लई मन लावून विणली हो. कोणी विणली?’’ ती माझ्याकडं बघत होती. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं नव्हतं तिनं. तिला खरंच ऐकायचं होतं, पाय वर घेऊन, नीट मांडी घालून ती बसली होती, आणि शेजारी एका माणसापुरती जागा तिनं मोकळी ठेवली होती. बसलो असतो तर पार श्रावणापासून सांगता आलं असतं.  हाताला अंबाडीचा वास येत होता.

‘‘माणूस लावला होता,’’ मी म्हणालो आणि पाय धुवायला मोरीकडं गेलो.